शिवेच्या अलीकडे

जांबोटीच्या पुढं गाडी रिकामी होत जाते.
फाट्यावर उतरताना कंडक्टर विचारतो, यार मनीगे?
मी अडखळले तसा मराठीत, कुणाच्यात?
गावाचं नाव सांगितलं. त्यानं घंटीची दोरी सोडून दिली.
"आज? आज त्येंचा वार हाय की.
जावा, पण हळू जावा."

हळू म्हणजे कसं, ते चार मैल चालताना कळलं नाही.
दोन्हीकडं पिवळं पडलेलं भात,
पिशवीत नारळ, पानसुपारी, बेळगावहून घेतलेला कुंद्याचा डबा,
आणि एक वही, जिच्यात मी आधीच लिहून ठेवलं होतं
काय काय बघायचंय.

शिवेवर दगड आहे.
त्याच्यावर आकडा नाही, खात्याचं नाव नाही,
कुठल्याच लिपीतलं एकही अक्षर नाही.
वाळलेला शेंदूर, आणि मुंग्यांची एक रांग
जी आत जात होती न विचारता.

मी हाक मारली. मारायची नव्हती.

एक पोरगं आलं, शेळीच्या मागनं.
माझ्या पायांकडं बघत राहिलं. मी चपला काढल्या.
तरी बघतंय. मोबाइल पिशवीत टाकला.
तरी बघतंय.
केसांत हात फिरवून बघितला, पदर सारखा केला,
मग ते अगदी बारीक आवाजात म्हणालं,
"छत्री मिट की, आक्का."
इथनं पुढं देवाचं ऊन.

दिवेलागणीला शिंग वाजलं
आणि गाव जिथल्या तिथं थांबलं.
विहिरीवरनं निघालेली बाई घागरीसकट उभी,
कुऱ्हाडीवर हात ठेवलेला माणूस तसाच,
कुत्रंसुद्धा, खरं सांगते, एक पाय उचललेलं.
मी शिंक दाबली. नाकातून पाणी आलं.
पुन्हा शिंग झालं तेव्हा बाई चालायला लागली
आणि माझ्याकडं बघून हसली:
शिंक दिसली होती तिला.

चव्हाट्यावर म्हातारे बसलेले.
मी उभ्यानंच नमस्कार केला, वाकून, नीट,
जसा शाळेत शिकवला होता.
माझी सावली रवळू गावड्याच्या मांडीवर पडली.
ते काही बोलले नाहीत. सावलीवरनं हात फिरवला,
मांजराच्या पाठीवरनं फिरवावा तसा,
आणि मी बसेपर्यंत हात तिथंच ठेवला.

मग देवाला गाऱ्हाणं. माझं नाव, बापाचं नाव,
कुठल्या गाडीनं आली, काय आणलं,
हिचं चुकलं माकलं तर पदरात घे,
छत्रीचं तिला ठाऊक न्हवतं.
(पोरगं आधीच सांगून आलं होतं.)
"कशाला आलीस?"
वहीत चार ओळींचं उत्तर होतं. तोंडातून आलं, "बघायला."
"बघ. बघून झाल्यावर हितंच ऱ्हाऊ दे."

शेवंताकाकीनं पेज वाढली, वर सुकी मिरची.
डबा घेतला, उघडला नाही.
"वारी गोड खात न्हाईत. सकाळी पोरास्नी देतो."
आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर तिचा पाय आडवा होता,
सहज ठेवल्यासारखा.
तिथले खांब बघायलाच मी आले होते.
पेज गरम होती. दुसऱ्यांदा मागून घेतली.

रात्री रवळूकाकांनी गावाच्या नावाची गोष्ट सांगितली,
पहिल्या घराची, आणि जे घर आता नाही त्याची.
ती इथं येते:


आणि म्हणाले, "ह्ये लिवू नको."

सकाळी शिवेवर चपला दिसेनात.
मग दिसल्या, दगडाच्या मागं,
दवानं भिजू नयेत म्हणून वर सागाचं पान,
आणि दोन्हींची तोंडं रस्त्याकडं वळवलेली,
नुसते पाय घालायचे आणि निघायचं.

हे कुणी केलं विचारलं नाही.
पाहुणचार होता का, की वेळेवर जा असं सांगणं,
फाट्यापर्यंत मनात उलटसुलट करत आले.
गाडीला उशीर होता.
ऊन चढलं तरी छत्री उघडली नाही मी,
शीव मागं राहून कितीतरी वेळ झाला होता.